आकाश आणि 24 किलोबाइट

देवनागरीतलं साधं ‘क’ संगणकात साठवायला 3 बाइट लागतात. त्याला काना दिला की आणखी 3. या हिशेबाने तुम्ही वाचताय तो हा लेख 24 किलोबाइटमध्ये मावत नाही. शेवटाला पोचायच्या आधीच तो तुटतो. आणि ऑलविनर ए13 नावाच्या चिपवर लिनक्स सुरू करायचं असेल, तर सगळ्यात पहिल्या प्रोग्रामला मिळणारी जागा बरोबर तेवढीच असते: 24 किलोबाइट. एवढ्या जागेत राहून त्याने चिपचा वेग वाढवायचा, बाहेरची मेमरी कामाला लावायची, कार्डावरून किंवा फ्लॅशमधून पुढचा प्रोग्राम शोधून आणायचा आणि सगळा कारभार त्याच्या हाती सोपवून बाजूला व्हायचं. त्याच्या मागून जो लिनक्स कर्नल येतो, त्याचा मूळ मजकूर आज 4 कोटी ओळींच्या घरात आहे.

या चिपचा मुंबईच्या उपनगरांशी जवळचा संबंध आहे. अंधेरीच्या सीप्झपासून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पूर्वेला निघालं की पवई येते. तिथल्या आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली ‘आकाश’ टॅबलेटच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम झालं. 11 नोव्हेंबर 2012 रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते दिल्लीत आकाश 2 देशापुढे आला. 7 इंची पडदा, 1 गिगाहर्ट्झचा ए13, 512 एमबी रॅम, अंगची 4 जीबी फ्लॅश. सरकारला एक टॅबलेट 2,263 रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्यांना तो 1,130 रुपयांत द्यायचा बेत होता. मागणी होती 1 लाख टॅबलेटची.

आकाशबद्दल तेव्हा पुष्कळ बोललं गेलं: पडदा कसा, बॅटरी किती चालते, पुरवठा का रखडला. पण त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. पवईतल्या तरुण मंडळींनी त्याच स्वस्त टॅबलेटवर पूर्ण जीएनयू/लिनक्स चालवून दाखवलं, आणि तेसुद्धा आतल्या अँड्रॉइडला हात न लावता. लिनक्स एसडी कार्डावर. कार्ड खाचेत सरकवा, बटण दाबा, लिनक्स. कार्ड काढा, पुन्हा अँड्रॉइड. हे का शक्य झालं, त्याचं उत्तर त्या पहिल्या काही किलोबाइटांत आहे.

चिपला वीज मिळाली की ती स्वतःच्या पोटातला 32 किलोबाइटचा रॉम वाचायला लागते. हा रॉम कारखान्यात सिलिकॉनमध्येच घडवलेला असतो. तो कुणाला पुसता येत नाही की बदलता येत नाही. ए13च्या रॉमचा शोधायचा क्रम ठरलेला आहे: आधी बाहेरचं एसडी कार्ड, मग अंगची नँड फ्लॅश, मग दुसऱ्या जोडणीवरची ईएमएमसी, मग एसपीआय फ्लॅश. कार्डावर तो सुरुवातीपासून 8 किलोबाइट आत जातो आणि तिथे आठ अक्षरांची एक ठरावीक खूण आहे का ते बघतो. खूण सापडली तर तो प्रोग्राम आत घेतो, त्यातल्या आकड्यांची बेरीज जुळते का हे तपासतो आणि जुळली तर त्याला चालू करतो. कुठेच काही सापडलं नाही तर यूएसबी केबलवरून कुणी काही सांगतंय का, याची वाट बघत बसतो. म्हणजे आतली फ्लॅश पूर्ण बिघडली तरी ही चिप मरत नाही. तिच्याशी बोलता येतं.

रॉम कार्डाच्या मालकाला नाव विचारत नाही, सही मागत नाही. खूण आणि बेरीज, बस्स. आजच्या अनेक फोनांत हाच रॉम कंपनीच्या किल्लीने केलेली डिजिटल सही तपासतो आणि ती नसेल तर पुढे सरकत नाही. पैसे आपण मोजलेले, यंत्र आपल्या हातात, पण पहिला प्रोग्राम कोणता चालणार हे दुसरं कुणी ठरवणार. आकाशमध्ये तसं नव्हतं, हे त्या चिपचं मोठेपण.

त्या 24 किलोबाइटच्या प्रोग्रामला एसपीएल म्हणतात. तो यू-बूट या मोठ्या भावाला आणतो. जर्मन अभियंता वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला हा बूटलोडर जगभरच्या असंख्य बोर्डांवर चालतो. यू-बूट काहीशे किलोबाइटचा. तो कर्नल आणतो, पाचेक मेगाबाइटचा. कर्नल उरलेलं सगळं उघडतो, म्हणजे काही गिगाबाइट. 24 किलोबाइटच्या मानाने आकाशची 4 जीबी फ्लॅश 1 लाख 74 हजार 762 पट मोठी आहे. एवढ्या मोठ्या साठ्याची किल्ली त्या छोट्या प्रोग्रामकडे असते.

आता वेळ. पडद्यावर लॉगिनची चौकट यायला साधारण 23 सेकंद लागतात असं धरू. आपल्याला ते काहीच नाही. पण 1 गिगाहर्ट्झच्या चिपचा एक ठोका 1 नॅनोसेकंदाचा असतो, म्हणून त्या नॅनोसेकंदाला आपला एक सेकंद मानून बघा. 23 सेकंदांचे 2,300 कोटी नॅनोसेकंद होतात, आणि 2,300 कोटी सेकंद म्हणजे 729 वर्षं.

समजा बटण 1290 साली दाबलं. शके 1212, नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली ते साल. चिपचं घड्याळ स्थिरावायला काही मिलिसेकंद जातात. एका मिलिसेकंदाचे इथे साडेअकरा दिवस होतात. मग रॉम कार्डाला हाक मारतो. ‘मी तयार आहे’ एवढं सांगायला एसडीच्या मानकाने कार्डाला 1 सेकंदापर्यंत मुभा दिली आहे, म्हणजे 31 वर्षं 8 महिने. चांगलं कार्ड पाव सेकंदात सांगतं असं धरलं, तरी तीही जवळपास आठ वर्षं. 1296 मध्ये ज्ञानेश्वर आळंदीला समाधिस्थ झाले, तेव्हा रॉमला कार्डाचं उत्तर यायचंच होतं.

पहिल्या सेकंदाच्या आसपास, 1322 च्या सुमाराला, यू-बूट जागा होतो आणि तीन सेकंद थांबतो. कुणाला कळ दाबून मध्ये पडायचं असेल तर पडू दे, म्हणून तो ‘3, 2, 1’ मोजतो. हे मोजणं 95 वर्षं चालतं. 1347 साली बहामनी राज्य उभं राहिलं तेव्हा पहिला आकडासुद्धा बदललेला नव्हता. 1417 मध्ये मोजणी संपते. 10 मेगाबाइट प्रतिसेकंद वेगाने पाच मेगाबाइटचा कर्नल आणायला 16 वर्षं. तो दाबून छोटा केलेला असतो. त्याला उलगडायला सेकंदभर, म्हणजे 1465 पर्यंत. मग तो मेमरी, पडदा, स्पर्शाची काच, वायफाय, बॅटरीची चिप एकेक करून ओळखत जातो. चार सेकंदांच्या या कामाला सव्वाशे वर्षं लागतात आणि 1592 च्या सुमाराला पहिली खरी प्रक्रिया, क्रमांक 1ची, सुरू होते.

1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक होतो तेव्हा घड्याळात 12.1 सेकंद झालेले आहेत आणि सेवा एकामागून एक उठताहेत. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावते: 17.8 सेकंद. 1958 मध्ये आयआयटी मुंबईची स्थापना: 21.1 सेकंद. 1973 मध्ये अंधेरीला सीप्झ: 21.6. 1987 मध्ये तोशिबाचे फुजिओ मासुओका नँड फ्लॅश जगापुढे मांडतात: 22. आणि 1991 मध्ये हेलसिंकीत लिनस टोरव्हाल्ड्स लिनक्सची पहिली आवृत्ती बाहेर काढतात, तेव्हा घड्याळ 22.1 दाखवतंय. आकाश 2 येतो 22.8 ला. लॉगिनची चौकट दिसते 2019 मध्ये.

याच मापाने आणखी एक आकडा बघा. बोर्ड बूट होताना काय चाललंय ते बघायला अभियंते सिरियल पोर्टला तीन तारा जोडतात. त्याचा नेहमीचा वेग 1,15,200 बॉड. एका अक्षरामागे 10 बिट जातात, म्हणजे एक अक्षर छापायला 86.8 मायक्रोसेकंद. आपल्या मापात 86,800 सेकंद, आणि एका दिवसात 86,400 सेकंद असतात. दिवसाला एक अक्षर! कर्नल उठताना वीसेक हजार अक्षरांची बडबड करतो. ती सगळी सिरियलवर गेली तर 55 वर्षं खर्ची पडतात. खऱ्या घड्याळात पावणेदोन सेकंद. म्हणून कर्नलला ‘क्वाएट’ असा एक शब्द दिला की बोर्ड लक्षात येण्याइतका लवकर उठतो. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री बूटचा वेळ कमी करायला धडपडणाऱ्या मुलांना मी आधी हेच सांगेन: वेगवान कार्ड विकत घेण्याआधी बोर्डाला गप्प करा.

पुन्हा आकाशकडे. त्यात लिनक्स कार्डावर होतं. अँड्रॉइड मात्र होतं अंगच्या नँड फ्लॅशमध्ये, ‘नँडए’, ‘नँडबी’, ‘नँडसी’ अशा नावांच्या कप्प्यांत विभागलेलं. लिनक्सही तिथेच का नाही ठेवलं? कार्ड पडतं, हरवतं, खाच सैल होते. अंगच्या फ्लॅशचा प्रश्नच नाही. इथे आकडे आणखी मोठे होतात आणि अडचणही कळते.

4 जीबी म्हणजे 3,435 कोटी 97 लाख 38 हजार 368 बिट. या वर्गातल्या फ्लॅशमध्ये एका पेशीत दोन बिट ठेवतात, म्हणजे सुमारे 1,718 कोटी पेशी. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दोन-दोन दिल्या तरी काही उरतील, आणि हे सगळं नखाएवढ्या सिलिकॉनवर. लाखभर आकाशांतल्या पेशी एकत्र केल्या तर 1 वर 15 शून्यांच्या पुढची संख्या होते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं सांगितली आहेत, त्यांत हे सोळावं स्थान, ‘अंत्य’. एक अंत्य आणि वर त्याच्या आधीच्या स्थानाचे सात ‘जलधी’ एवढ्या पेशी. साडेआठशे वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवलेली ही संख्या भरायला 2012 साली सरकारची एक खरेदी पुरली.

प्रत्येक पेशीत काय असतं? काही इलेक्ट्रॉन, अडकवून ठेवलेले. त्यांच्याभोवतीचा निरोधक थर 7-8 नॅनोमीटर जाडीचा. लिहिताना चिप आतल्या आत 20 व्होल्टच्या आसपास दाब तयार करते आणि इलेक्ट्रॉनांना त्या थरातून पलीकडे ढकलते. मग वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. 20 नॅनोमीटरच्या आसपासच्या पिढीत एका पातळीपासून दुसरी पातळी ओळखायची ती शंभरेक इलेक्ट्रॉनांच्या फरकावरून, कधी त्याहूनही कमी. बूटलोडरमधला एक बिट 0 आहे की 1, याचा निकाल एवढ्यावर लागतो.

त्यामुळे चुका होतात, आणि त्या होणार हे धरूनच सगळं बांधलेलं असतं. अशा फ्लॅशमध्ये प्रत्येक 1,024 बाइटांमागे 40 चुकीचे बिट दुरुस्त करता यावेत अशी मागणी असते. पूर्ण 4 जीबीला हे गणित लावलं तर 16 कोटी 77 लाख बिट उलटे झाले, आणि सगळीकडे सारखे पसरलेले असले, तरी मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळायला हवा. हे साधणाऱ्या गणिताला बीसीएच संकेत म्हणतात. बी म्हणजे राजचंद्र बोस, सी म्हणजे द्विजेंद्रकुमार रायचौधुरी. दोघंही भारतीय, त्यांचं काम 1960 चं. एच म्हणजे फ्रेंच गणिती ओकंगेम, त्यांनी एक वर्ष आधी स्वतंत्रपणे तेच शोधलं. तेव्हा नँड फ्लॅश जन्मायला 27 वर्षं होती.

नवी कोरी नँड चिप काही खराब ब्लॉक घेऊनच कारखान्याबाहेर पडते. वाचायचं पानापानाने, पण पुसायचं ब्लॉकच्या ब्लॉक. आणि एक ब्लॉक काही हजार वेळा पुसला की थकतो. दोन बिट एका पेशीत असण्याचा जाच तर आणखी वेगळा: ते दोन बिट दोन वेगवेगळ्या पानांचे असतात. दुसरं पान लिहिताना मध्येच वीज गेली, तर आधी नीट लिहून झालेलं पहिलं पानही जातं. हे सगळं सांभाळायला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर होता, आणि मुक्त लिनक्सला त्याच्या तोडीचं काही उभं करायला पुढे बरीच वर्षं झगडावं लागलं. पवईच्या मंडळींनी कार्डाची वाट धरली ती या पार्श्वभूमीवर, आणि माझ्या मते ती योग्यच होती. हजारो विद्यार्थ्यांच्या हातात जाणाऱ्या यंत्राची अंगची फ्लॅश जोखमीत घालायची नसते.

तीच ए13 चिप आणि तीच 4 जीबी नँड घेऊन बल्गेरियातल्या ओलिमेक्स कंपनीने 2012 मध्ये ए13-ओलिनुक्सिनो-वायफाय हा डेव्हलपमेंट बोर्ड काढला. 2013 च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या 3.8 आवृत्तीत ए13ला मूळ कर्नलमध्येच जागा मिळाली. म्हणजे पवईतल्या प्रयोगशाळेतला टॅबलेट आणि प्लोवदिवमधला बोर्ड एकाच मुक्त कोडवर उभे राहू शकत होते, आणि एकाच्या दुरुस्तीचा फायदा दुसऱ्याला आपोआप मिळत होता.

अंगच्या साठवणीतून बूट करण्याचा प्रश्न पुढे ईएमएमसीने सोपा केला. त्यात फ्लॅशबरोबर एक छोटा नियंत्रकही एकाच आवरणात बसवलेला असतो. खराब ब्लॉक, दुरुस्त्या, झीज सगळं तो बघतो आणि बाहेरच्या जगाला साधी सरळ साठवण दिसते. 2013 मधल्या बीगलबोन ब्लॅक बोर्डवर ती 2 जीबीची होती, 2014 पासून 4 जीबीची. तिथल्या चिपचा रॉम पहिल्या प्रोग्रामला 109 किलोबाइट देतो, म्हणजे आकाशच्या साडेचारपट; त्या मानाने चैनच म्हणायची. त्याचा क्रम मात्र उलटा: आधी अंगची ईएमएमसी, मग कार्ड. पण बोर्डावर एक इवलंसं बटण ठेवलंय. ते दाबून वीज दिली की रॉम ईएमएमसी सोडून कार्डाकडे वळतो. कार्डावरून नवी प्रणाली आत ओतताना चार निळे दिवे ओळीने पुढेमागे पळतात आणि काही मिनिटांनी थांबतात. मग कार्ड काढायचं आणि बोर्ड स्वतःच्या बळावर उठतो. क्रम कोणताही असो, शेवटचा शब्द मालकाचा राहील अशी सोय दोन्हीकडे केलेली आहे.

एक उणीव मात्र दोन्हीकडे आहे. तो पहिला रॉम आपला नाही. तो कुणीतरी दुसऱ्या देशात लिहिला, आणि आपण त्याच्या क्रमाचे पाहुणे. म्हणूनच आयआयटी मुंबईने घडवलेल्या ‘अजित’ या 32 बिटी प्रोसेसरचं मला अप्रूप वाटतं. त्याची चिप मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत 180 नॅनोमीटरच्या तंत्राने बनली. ते तंत्र जगाच्या मानाने जुनं आहे, हे खरं. पण वीज आल्यावर पहिली सूचना कोणती चालणार, हे तिथे पवईत ठरलं.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडची इंजिनिअरिंगची मुलं-मुली लॅमिंग्टन रोडला बोर्ड घ्यायला जातात तेव्हा रॅम विचारतात, कोअर विचारतात, किंमत पाडून मागतात. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत, आणि दुकानदाराला माहीत नसेल तर चिपच्या माहितीपुस्तिकेत शोधावेत: वीज दिल्यावर रॉम आधी कुठे बघतो, आणि तो क्रम मला बदलता येतो का? आणि ज्या कॉलेजांच्या कपाटांत आकाशचे टॅबलेट अजून पडून असतील, त्यांनी ते ई-कचऱ्यात काढायच्या आधी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला द्यावेत, सोबत एकेक एसडी कार्ड. यू-बूट आणि कर्नल दोन्ही फुकट मिळतात, आणि त्या टॅबलेटचा रॉम आजही सगळ्यात आधी कार्डच बघतो.